निदानपरिवर्जन आणि घरातील बंदूक

निदानपरिवर्जनाचे महत्त्व वैद्यांस सांगावयास नको. विषाद हा रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये अग्रणी होय, हेही चरकसंहितेने सांगून ठेवले आहे. परंतु विषादाच्या क्षणी रुग्णाच्या हाताशी काय असते, याचा विचार आपण क्वचितच करतो. अमेरिकेतील संशोधन या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९९२ साली डॉ. आर्थर केलरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेनेसी व वॉशिंग्टन राज्यांतील दोन परगण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या घरी बंदूक होती, तेथे आत्महत्येचा धोका सुमारे पाचपट आढळला. पुढे १९९६ मध्ये तेथील संसदेने अशा संशोधनाच्या शासकीय निधीवर बंधने आणली आणि दोन दशके हे कार्य मंदावले. २०१९ च्या अखेरीस २.५ कोटी डॉलरची तरतूद झाली, तेव्हा कोठे त्यास पुन्हा गती आली.

२०२० मध्ये कॅलिफोर्नियातील सुमारे २.६ कोटी प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत आत्महत्येचे प्रमाण इतरांच्या तिपटीहून अधिक, तर स्त्रियांत सातपट होते. मात्र अन्य साधनांनी होणाऱ्या आत्महत्यांत हे लोक इतरांच्या पुढे नव्हते. म्हणजे फरक केवळ मनःस्थितीचा नव्हता, साधनाचाही होता.

‘मरावयाचे ठरविलेला दुसरा मार्ग शोधीलच’, हा आक्षेप नेहमीचा. परंतु प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी दहांतील सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येने मृत्यू पावत नाहीत. आवेग ओसरतो, तोवर घातक साधन दूर असले, की जीव वाचतो.

आपल्याकडे घरोघरी बंदूक नाही. शेतकऱ्याच्या घरी कीटकनाशक असते. श्रीलंकेने १९९५ व १९९८ मध्ये अतिविषारी कीटकनाशकांवर निर्बंध घातले. २००५ पर्यंत तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले.

म्हणून वैद्यमित्रांस विनंती, की विषण्ण रुग्णास मरणाचे विचार येतात काय, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने ते बळावत नाहीत. घरातील घातक वस्तू कुलुपात किंवा अन्यत्र ठेवण्यास आप्तांस सांगावे. औषधालयचालकांनी वत्सनाभ, कुचला यांसारखी विषद्रव्ये कुलूपबंद ठेवावीत. शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो चिकित्सालयात ठळक लावावा. मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविण्यात कमीपणा नाही. रुग्णास विषादाचा तो एक क्षण निभावून नेणे, हीही चिकित्साच आहे.