नेमल्या वेळेचे काम का चुकते?

१९६१ साली बंगळूरच्या एचएमटी कारखान्यातून मनगटी घड्याळे बाहेर पडू लागली. आज त्याच नगरीतील असंख्य संगणक एका अदृश्य घड्याळाच्या तंत्राने चालतात. त्याचे नाव क्रॉन. युनिक्स प्रणालीच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत ते होते. ठरल्या घटकेला ठरलेली आज्ञा बजावणे, एवढेच त्याचे काम.

आपल्या संकेतस्थळावरील वाचकांची गणती परक्याच्या हाती न सोपवणाऱ्या संस्था पुष्कळदा मॅटोमो ही आज्ञावली स्वतःच्या सर्व्हरवर बसवतात. २०१८ पूर्वी तिचे नाव पिविक होते. प्रत्येक भेटीची नोंद ती तत्काळ करते. दिवसाचा वा महिन्याचा गोषवारा मात्र क्रॉनवर सोपवणे श्रेयस्कर मानले जाते. रोजकीर्द आणि खतावणी यांच्यासारखेच हे नाते आहे. कीर्द लिहिली, पण खतावणी राहिली, तर अहवालात शून्य दिसते. आणि त्या शून्यावर विसंबून एखादे लोकोपयोगी पान बंद केले जाण्याचा संभव असतो.

नवल असे की, हाताने चालवली असता तीच आज्ञा बिनबोभाट पार पडते. दोष बहुधा आज्ञेत नसून परिस्थितीत असतो. क्रॉन निराळ्या खात्याच्या अधिकाराने काम करतो; त्या खात्याला धारिका लिहिण्याची मुभा नसेल, तर काम अडते. आज्ञेचा पूर्ण मार्ग दिला नसेल, तर ती त्याला सापडत नाही. स्मृतीची मर्यादा अपुरी पडली, तर गणित अर्ध्यावर थांबते. म्हणून जाणकार प्रथम क्रॉनच्याच खात्यातून आज्ञा चालवून पाहतो आणि तिचे सारे उद्गार, विशेषतः चुकांचे, एका धारिकेत उतरवून घेतो. मूक अपयशाला त्यामुळे वाचा फुटते.

वेळही तपासावी. सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर असेल, तर मध्यरात्रीचे काम बंगळूरला पहाटे साडेपाचला सुरू होते. हा बिघाड नव्हे, केवळ विलंब.

मूळ नोंदी शाबूत असतील, तर चुकलेला गोषवारा पुन्हा मांडता येतो. तेव्हा दोष शोधण्यापूर्वी, जुन्या नोंदी आपोआप पुसण्याची योजना चालू असल्यास ती थांबवावी. कीर्द जपली, म्हणजे खतावणी पुन्हा लिहिता येते.