फुलपाखरांच्या बागेसाठी रानफुलांचे बी

म्हैसूर येथील कारंजी तलावातील एका लहानशा बेटावर फुलपाखरू उद्यान आहे. या तलावाची देखभाल शहरातील श्री चामराजेंद्र प्राणिसंग्रहालयाकडे आहे. येथील फुलपाखरे पाहिल्यानंतर आपल्या अंगणातही अशी बाग असावी, असे अनेकांना वाटते. परंतु रोपवाटिकेतून रंगीत फुलझाडे आणून लावल्याने ही इच्छा अर्धीच पूर्ण होते.

फुलपाखराला दोन निरनिराळ्या प्रकारच्या वनस्पती लागतात. प्रौढ फुलपाखरू अनेक फुलांतील मध घेते. मादी मात्र ठराविक वनस्पतींवरच अंडी घालते, कारण तिच्या अळ्या इतर पाला खात नाहीत. 'प्लेन टायगर'ला रुई लागते, 'ब्लू टायगर'ला हिरणदोडीचा वेल, 'झेब्रा ब्लू'ला चित्रक आणि 'लेमन पॅन्सी'ला कोरांटी. कर्नाटकाचे राज्य फुलपाखरू असलेले 'सदर्न बर्डविंग' सापसंदीच्या कुळातील वेलींवर वाढते. सापसंदीला कन्नडमध्ये 'ईश्वरी बळ्ळी' म्हणतात. या वनस्पती नसतील, तर बागेत फुलपाखरे येतील आणि मध घेऊन निघून जातील. तेथे त्यांची पुढची पिढी जन्मणार नाही.

म्हैसूरला उद्यानांची परंपरा मोठी आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगल यांनी संस्थानातील उद्यानांना आकार दिला आणि परदेशांतील अनेक शोभिवंत वनस्पती येथे आणल्या. ती अभिरुची आजही टिकून आहे. घाणेरी अर्थात टणटणी ही वनस्पतीदेखील भारतात शोभेसाठीच आणली गेली होती. आज तिने जवळच्या बंदीपूरच्या जंगलाचा मोठा भाग व्यापला आहे. तिच्या फुलांवर फुलपाखरे गर्दी करतात, म्हणून ती उपयुक्त समजली जाते. हा समज फसवा आहे.

स्थानिक रानफुले रोपवाटिकांत क्वचितच मिळतात, कारण त्यांना तण मानले जाते. त्यामुळे बी गोळा करणे हाच खात्रीचा मार्ग होय. चामुंडी टेकडी हे राखीव वन आहे, तर बंदीपूर व नागरहोळे ही संरक्षित वने आहेत. तेथून बी आणू नये. रस्त्याच्या कडेला आणि मोकळ्या भूखंडांवर रुई व खुळखुळा सहज आढळतात. शहर वाढत असल्याने हे भूखंड भराभर साफ होत आहेत. बांधकामापूर्वी तेथील चार बोंडे उचलून आणली, तरी ते बी वाचते.

प्रत्येक बियाची प्रकृती वेगळी असते. रुईचे बोंड उकलू लागताच काढावे, म्हातारी उडण्यापूर्वी रेशमी तंतू वेगळे करावेत आणि बी उथळ पेरावे. ताजे बी साधारण एक-दोन आठवड्यांत रुजते. रुईचे सोटमूळ लवकर खोल जाते, म्हणून रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावावे. तिचा चीक डोळ्यांना अपायकारक असतो, याचे भान ठेवावे. खुळखुळ्याचे कवच कठीण असते. बी खरखरीत कागदावर हलके घासून किंवा गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवावे. कोरांटीचे फळ वाळताच तडकते आणि बी दूर फेकले जाते. त्यासाठी फळांवर आधीच मलमलीची पिशवी बांधावी. हे बी ओले होताच चिकट होते, म्हणून कोरडेच पेरावे. सापसंदीचे फळ खालून उकलून टांगलेल्या परडीसारखे दिसते. त्यातील चपटे बी उशिरा आणि अनियमितपणे रुजते. आठ दिवसांत कोंब दिसला नाही म्हणून कुंडी रिकामी करू नये. सापसंद विषारी असल्याने ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी लावावी.

अमेरिकेत 'मोनार्क' फुलपाखरासाठी रुईकुळातील वनस्पती लावणारे बागप्रेमी बी काही आठवडे शीतकपाटात ठेवतात. तेथील कडक हिवाळ्याशी जुळवून घेतलेल्या बियांना त्याची गरज असते. दख्खनच्या पठारावरील वर उल्लेखिलेल्या बियांना हा उपचार लागत नाही.

म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर आहे. येथे एप्रिल-मेमध्ये वळवाच्या सरी येतात, नैऋत्य मोसमी पाऊस बेताचा पडतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा चांगला पाऊस होतो. मे महिन्यात आडोशाला पेरून पावसाळ्यात रोपे बाहेर लावणे येथे सोयीचे ठरते. कोकणात जूनच्या धारांनी बारीक बी वाहून जाते. तेथे आडोसा अधिकच आवश्यक आहे.

पहिल्या वर्षी बहुवर्षायू वनस्पती मुख्यतः मुळे वाढवतात, फुले बेताचीच येतात. याच काळात अळ्या एखाद्या रोपाची सगळी पाने फस्त करतात आणि घरमालक औषधाची फवारणी करतो. निरुपद्रवी समजला जाणारा कडुनिंबाचा अर्कदेखील अळ्यांना मारतो. त्याऐवजी प्रत्येक जातीची पाच-सहा रोपे ठेवावीत. मूळ शाबूत असल्यास खाल्लेल्या रोपाला पुन्हा पालवी फुटते. उन्हाळ्यात वर वाळलेली कोरांटी किंवा चित्रकही उपटू नये. वळवाच्या पहिल्या सरींनंतर ती बुंध्यापासून फुटते.