वाफ आणि व्याज

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की शहराबाहेर पाच-सहा किलोमीटरवर खजिना विहीर लागते आणि तिच्या पुढे पाली. पालीला बिंदुसरा नदी अडवून केलेला तलाव आहे. विहीर आणि तलाव दोन्ही बालाघाटाच्या पायथ्याशी, दोन्हींवर पाऊस तोच आणि ऊनही तेच. पण मराठवाड्यातल्या उघड्या तलावावरून वर्षाकाठी दीड-दोन मीटर उंचीचं पाणी नुसतं उडून जातं. ते कुणी पीत नाही आणि कुठल्या पिकालाही मिळत नाही. खजिना विहिरीचं तसं नाही. १५८२ च्या सुमारास, निजामशाहीतला सरदार सलाबत खान याच्या काळात, राजा भास्कर नावाच्या जाणकारानं ती बांधली असं सांगतात. दोन भुयारी वाटांनी पाणी आत येतं आणि तिसऱ्या वाटेनं, निव्वळ उतारावरून, बीडकडच्या शेतांना जातं. पंप नाही, वीजबिल नाही. सगळा प्रवास जमिनीखालून असल्यामुळे उन्हाच्या हाती फारसं काही लागत नाही. सरदाराचा सगळा खजिना हिच्यात गेला म्हणून हे नाव पडलं, अशी बीडकडची समजूत आहे. गेला असेलही; पण एकदाच गेला.

काटकसर म्हटली की आपल्याला कमी खाणं, जुनं नेसणं आणि बाजारात घासाघीस करणं आठवतं. पालीसारख्या गावात, जिथे निम्मं शिवार पावसावर आणि कितीतरी घरांचं वर्ष ऊसतोडीच्या आगाऊ उचलीवर चालतं, तिथे ही काटकसर लोकांनी आधीच शेवटच्या टोकाला नेलेली असते. तिथल्या बाईला ‘खर्च कमी करा’ असं सांगणं हा निव्वळ आगाऊपणा. मात्र घरातून दोन गोष्टी अशा जातात की जाताना दिसत नाहीत: एक वाफ, दुसरं व्याज. गंमत अशी की याच दोन गोष्टी उलट्या फिरवल्या तर घराला मिळवूनही देतात.

आधी वाफ. पाली समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून थोडी उंच आहे, त्यामुळे तिथे पाणी शंभराला नाही, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. २८ अंशांचं एक लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला ७० किलोकॅलरी उष्णता लागते. आता तेच पाणी चुलीवर तसंच ठेवून पूर्ण आटवलं तर आणखी किती लागेल? ५४०. म्हणजे जवळजवळ आठपट! आणि ही आठपट उष्णता ओतत असताना पाणी एका अंशानंही जास्त तापत नाही. दहावीच्या पुस्तकात याला अप्रकट उष्मा म्हणतात. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकनं अठराव्या शतकात तो ओळखला. त्याच्याही आधीपासून आपल्या स्वयंपाकघरांतून तो रोज निघून जात होता.

याचा अर्थ काय, ते नीट बघा. उकळी फुटल्यावर ज्योत मोठी ठेवली की डाळ लवकर शिजते असं आपल्या डोळ्यांना वाटतं, कारण पातेल्यात धिंगाणा चाललेला असतो. पण डाळीला कळतं ते तापमान, धिंगाणा नाही. मंद आचेवर उकळणारं पाणी आणि भडक आचेवर उसळणारं पाणी दोन्ही ९८ अंशांचंच. जास्तीचा सगळा गॅस फक्त वाफ करतो. एक वाटी, म्हणजे दीडशे ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं तर साधारण अकरा ग्रॅम गॅस तिच्याबरोबर गेला. तेवढ्यात एक लिटर पाण्याला सहज उकळी आली असती. वरण, भात, चहा, अंघोळीचं पाणी मिळून दिवसाला पाच वाट्या वाफ गेली, तर वर्षाला वीस किलो गॅस होतो. टाकी १४.२ किलोची असते. वर्षातल्या जवळजवळ दीड टाक्या छताला चिकटून गेल्या!

म्हणून झाकण. आणि झाकणाबरोबर आच बारीक करणंही, कारण मोठ्या आचेवर झाकण नुसतं थडथडतं आणि वाफ कडेनं निघून जाते. कुकरमध्ये हीच गोष्ट टोकाला नेली आहे. दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं १६७९ मध्ये लंडनला पहिलं असं भांडं करून दाखवलं. वाफ कोंडली की दाब वाढतो, दाबाखाली पाणी १२० अंशांपर्यंत न उकळता तापतं, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की शिजण्याचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. बावीस अंश वाढले, म्हणजे वेग चौपटीच्या वर. पण आपल्याकडे कुकरच्या शिट्ट्या मोजायची रीत पडली आहे. शिट्टी म्हणजे भांड्याला नको असलेली वाफ. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून मिनिटं मोजावीत, आणि बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्यावा. त्या वेळातही आत स्वयंपाक चालूच असतो, तोही फुकट.

हरभरा, मटकी रात्री भिजत घालण्यामागेही हाच हिशेब आहे. दाण्याच्या गाभ्यापर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो. तो वेळ रात्रीकडून घेतला तर पैसे पडत नाहीत, चुलीकडून घेतला तर सरपण तरी जातं नाहीतर गॅस तरी. पालीकडे अजून बऱ्याच घरी पऱ्हाट्या-तुराट्यांवर चूल पेटते आणि टाकी चहापाण्यापुरती जपून वापरली जाते. पऱ्हाट्या विकत घ्याव्या लागत नाहीत हे खरं, पण त्या वेचून, वाहून, रचून ठेवणाऱ्या बाईचा वेळ कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

आता हीच वाफ उलटी फिरवू. ओसरीवरचा माठ पाझरतो, अंगावरचं पाणी हवेत उडतं, आणि उडताना लागणारी उष्णता ते माठातल्या पाण्याकडून घेतं. एक ग्रॅम पाणी उडायला इथे सुमारे ५८० कॅलरी. दहा लिटरच्या माठातून दोनशे मिलिलिटर, म्हणजे पेलाभर पाणी उडालं तर उरलेलं पाणी हिशेबानं साडेअकरा अंशांनी थंड व्हायला हवं. बाहेरची ऊब सतत आत येत असते, म्हणून प्रत्यक्षात जास्त पाणी उडावं लागतं. तरी मे महिन्यात ४२ अंशांच्या दुपारी मिळणारं ते गार पाणी विजेचं एक युनिटही न जाळता आलेलं असतं. चुलीवर जी तूट, तीच माठावर कमाई. एकच नियम!

महाराष्ट्रात पाली बऱ्याच आहेत. बल्लाळेश्वराची पाली रायगडात आहे. बीडच्या पालीचा हाच माठ त्या पालीला नेऊन ठेवला तर तितका गार होणार नाही, कारण कोकणची हवा आधीच बाष्पानं भरलेली. तिला आणखी पाणी घ्यायला जागा नसते. ज्या कोरड्या हवेनं बीडचे तलाव आटतात, तीच हवा बीडचे माठ थंड करते. दुष्काळी मुलखाला निसर्गानं दिलेली ही एवढीच सवलत म्हणायची. ती वाया घालवू नये: माठ वाऱ्याच्या वाटेवर ठेवावा, त्याला रंग मात्र लावू नये. ऑइलपेंटनं रंगवलेला माठ दिसतो छान, पण त्याची सगळी भोकं बुजलेली असतात.

वाळवणही त्याच कोरड्या हवेची देणगी. बाजरीच्या खारोड्या, सांडगे, वाळवलेली मेथी, गवार हे पदार्थ वाळवायला जेवढं पाणी उडवावं लागतं, तेवढं चुलीवर उडवायचं म्हटलं तर वर म्हटल्याप्रमाणे आठपटीचा फेरा आला असता. पत्र्यावर पसरलं की उष्णतेचा सगळा खर्च सूर्य करतो, आणि हिवाळ्यात मातीमोल झालेली भाजी जेठात, भाव चढलेले असताना, ताटात येते. त्याच ताटात वरण आणि ज्वारीची भाकरी असेल तर आणखी एक नवल. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं आणि तुरीत ते भरपूर. तुरीत मिथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. दोन स्वस्त धान्यं एकमेकांची उणीव पुरी करतात. हे पोषणशास्त्रानं गेल्या शतकात सांगितलं, मराठवाडा आधीपासून जेवत होता.

विजेचं थोडक्यात. साठ वॅटचा जुना पिवळा दिवा काढून नऊ वॅटचा एलईडी लावला आणि तो रोज सहा तास जळला, तर महिन्याला नऊ युनिटं वाचतात. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांच्या पुढचं प्रत्येक युनिट आधीच्यापेक्षा जवळपास दुप्पट महाग पडतं, म्हणून शंभराच्या काठावर असलेल्या घरात ही नऊ युनिटं दुप्पट मोलाची ठरतात. एवढं पुरे, आता व्याजाकडे वळू, कारण खरी गळती तिथे आहे.

‘शेकडा तीन रुपये’ हे शब्द ऐकायला किती सौम्य वाटतात! शंभराला तीन. पण ते महिन्याला असतात. वर्षाचे ३६ टक्के झाले, आणि व्याज थकून मुदलात मिसळत गेलं तर साडेबेचाळीसच्या पुढे. शेकडा तीननं घेतलेले दहा हजार, काहीच न फेडता, बरोबर चोवीस महिन्यांत वीस हजारांच्या वर जातात. बहात्तरला दरानं भागायचं की दुप्पट व्हायला किती महिने ते कळतं. तीनला २४, चारला १८, पाचला १४-१५.

हप्त्यांचं कर्ज याहून चलाख असतं. बारा हजार रुपये, बारा हप्ते, ‘फक्त १२ टक्के सरळ व्याज’. व्याज १,४४० रुपये, म्हणजे महिन्याला १,१२०. पण बारा हजार रुपये तुमच्याकडे वर्षभर कुठे होते? दर महिन्याला हजार परत जात होते. सरासरी साडेसहा हजारच हातात राहिले, आणि त्यांच्यावर १,४४० म्हणजे २२ टक्क्यांच्या आसपास. खोटं कुणीच बोललेलं नाही, तरीही दर जवळजवळ दुप्पट झाला.

ऊसतोडीची उचल हा तिसरा प्रकार. मुकादम पावसाळ्यात कोयत्याला, म्हणजे जोडप्याला, रक्कम देतो, आणि दिवाळीच्या आगेमागे ते जोडपं फडावर जाऊन ती अंगमेहनतीनं फेडतं. व्याज बहुधा वेगळं लावलेलं दिसत नाही. पण कुठल्या कारखान्याला जायचं, कधी परतायचं, हे ठरवायचा हक्क उचल घेताच गेलेला असतो. हंगाम संपून बाकी राहिलीच तर पुढचा हंगामही गहाण पडतो. फडावर रोजचा खर्च भागतो तो बऱ्याचदा उसाची वाढी, म्हणजे हिरवे शेंडे, जनावरांसाठी विकून. माझ्या मते या जिल्ह्यातलं सगळ्यात महाग कर्ज हेच.

आणि आता भिशी. बारा जणी, महिन्याला पाचशे, दर महिन्याला चिठ्ठी काढून एकीला सहा हजार. यात पैसा कुठून निर्माण झाला? कुठूनच नाही. प्रत्येकीनं सहा हजार भरले आणि सहा हजार घेतले. मग फायदा कुणाला? प्रत्येकीनं एकटीनं डब्यात पाचशे टाकले असते तर सहा हजारांची शेळी घ्यायला सगळ्याच जणींना बारा महिने थांबावं लागलं असतं. भिशीत पहिली पहिल्याच महिन्यात घेते, दुसरी दुसऱ्या, आणि शेवटचीला बारा महिनेच लागतात, एकटी असती तरी तेवढेच. सरासरी थांबणं बारावरून साडेसहा महिन्यांवर आलं, आणि नुकसान एकीचंही नाही! डब्यांच्या हिशेबात अकराव्या महिन्याच्या शेवटी बारा घरांत मिळून ६६ हजार रुपये नुसते पडून असतात. भिशीत एक रुपयाही झोपत नाही. बेस्ली, कोट आणि लाउरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये हे गणितानं मांडलं. तोवर ही युक्ती मेक्सिकोत ‘तांदा’, कोरियात ‘क्ये’, पश्चिम आफ्रिकेत ‘सुसू’ या नावांनी बायका कधीपासून चालवत होत्या. धोका एकच: पहिली चिठ्ठी लागलेली बाई पुढे भरायची थांबली तर. म्हणून भिशी ओळखीतच करावी. बोली लावून चालणारी आणि अनोळखी माणसांची भिशी वेगळी, तिच्यापासून दूरच बरं.

बचत गट भिशीच्या एक पाऊल पुढे जातो. नाबार्डनं १९९२ मध्ये पाचशे गटांपासून बँकजोडणी सुरू केली. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ आणि ‘उमेद’ यांनी ती गावोगाव नेली. गटातही व्याज असतं, बहुतेक ठिकाणी शेकडा दोन, म्हणजे वर्षाला २४ टक्के. तो दर कमी मुळीच नाही. पण पाच हजारांवरचे महिन्याचे शंभर रुपये जातात कुठे? गटाच्याच पेटीत. दहा जणींच्या गटात त्यातला दहावा हिस्सा कर्ज घेणारीचाच. माठावरच्या पाण्यासारखंच हे: बाहेर गेलेलं दिसतं आणि घर गार करतं. गटाला बँकेचं कर्ज मिळालं तर दर आणखी उतरतो, म्हणून वही चोख ठेवणं हे गटातलं सगळ्यात कमाईचं काम आहे.

कुणी ‘शेकडा’ म्हटलं की तिथल्या तिथे बारानं गुणा आणि आकडा मोठ्यानं म्हणा. सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा राज्यात लागू आहे. त्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के, एवढंच व्याज घेता येतं. परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, आणि तक्रार घ्यायला जिल्ह्याच्या गावी, पालीपासून एसटीनं अर्ध्या तासाच्या आत, सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांचं कार्यालय आहे.