सायकल घेऊन परदेशी निघालात? तिकीट काढण्याआधी हे वाचा

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १२०० किलोमीटरची सायकलफेरी दर चार वर्षांनी होते. मागची ऑगस्ट २०२३ मध्ये झाली, पुढची २०२७ मध्ये आहे. तिथे जाणाऱ्यांत महाराष्ट्रातले सायकलस्वारही असतात. कुणी व्हिएतनामला जातं, कुणी डॅन्यूब नदीकाठच्या वाटेवर. पायांची तयारी कित्येक महिने चालते, पण सायकल विमानातून कशी न्यायची हा प्रश्न शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. ती मोडून पोहोचली तर रजा, व्हिसा आणि तिकिटाचे पैसे सगळंच पाण्यात जातं.

सायकल नेहमीच्या सामानात बसते का?

आकाराने नाही. चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटर ही बहुतेक कंपन्यांची मर्यादा आहे. सायकलचा खोका साधारण १४० बाय ८० बाय २२ सेंटिमीटरचा, म्हणजे बेरीज २४२. वजनाचं मात्र जमू शकतं. १२ किलोची सायकल आणि चार किलोचा खोका २३ किलोंत आरामात बसतो. ३२ किलोंपेक्षा जड नग मात्र सहसा स्वीकारत नाहीत.

पैसे किती लागतात?

कंपन्यांच्या तीन पद्धती आहेत. काही कंपन्या आधी कळवल्यास सायकल तुमच्या ठरलेल्या वजनातच धरतात. काही क्रीडा साहित्याचं ठरावीक शुल्क घेतात. काही जादा वजन आणि आकाराचे पैसे लावतात. म्हणून जाताना-येतानाचा सायकलचा खर्च धरूनच तिकिटांची तुलना करा. स्वस्त दिसणारं तिकीट इथेच महाग पडू शकतं.

संपूर्ण प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर करा. वेगवेगळी तिकिटं असतील तर प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा लागू होतो. शेवटचा टप्पा छोट्या विमानाचा असेल तर खोका दारातून आत जाईल का, हेही विचारा. होकार ई-मेलवर घ्या आणि त्याची प्रत जवळ ठेवा.

पॅकिंग कसं करायचं?

सायकल दुकानात नव्या सायकलींचे रिकामे खोके बहुधा मागितले की मिळतात. पेडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. सीटच्या नळीवर टेपने उंचीची खूण करा. मागचा डिरेलर सोडवून फ्रेमच्या आत बांधा. त्याचा हँगर सहज वाकतो आणि प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, म्हणून एक जादा न्या. चाक काढल्यावर फोर्कमध्ये आधाराचा तुकडा घाला. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी ठेवा.

सहल एका शहरात सुरू होऊन दुसऱ्या शहरात संपणार असेल तर पुठ्ठ्याचा खोकाच बरा. तिकडे टाकून देता येतो आणि परतीसाठी तिथल्या सायकल दुकानातून दुसरा मिळवता येतो. त्या दुकानाला आठवडाभर आधी कळवून ठेवा.

टायर विमानात फुटतात का?

नाही. सामानाचा कप्पाही प्रवासी केबिनसारखाच दाबयुक्त असतो. तिथला दाब जमिनीपेक्षा साधारण ४ पीएसआयने कमी होतो. ६० ते ८० पीएसआय झेलणाऱ्या टायरला हा फरक किरकोळ आहे. तरी अनेक कंपन्या हवा काढायला सांगतात. थोडी हवा ठेवली तर रिमचं रक्षण होतं.

काय नेता येत नाही?

१६० वॉट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही. ई-बाइकच्या बॅटऱ्या सहसा ४०० ते ५०० वॉट-अवरच्या असतात, त्यामुळे त्या घरीच राहणार. पॉवर बँक आणि दिव्यांच्या सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेत, पाने आणि मल्टिटूल चेक-इनमध्ये ठेवा. हवा भरायच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यांना कंपनीची परवानगी लागते. त्यापेक्षा हातपंप बरा.

कस्टम्सचं काय?

महागडी सायकल असेल तर निघताना भारतीय कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. परतताना ती तिकडे विकत घेतल्याचा संशय येत नाही. त्यासाठी फ्रेम क्रमांक आणि बिल हवं. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाला जाताना टायर आणि चेन घासून धुवा. मातीबाबत तिथले नियम कडक आहेत, वापरलेली सायकल जाहीर करावी लागते.

मोडतोड झाली तर?

विमानतळ सोडण्याआधी खोका उघडा, फोटो काढा आणि सामान कक्षात लेखी तक्रार नोंदवा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या मॉन्ट्रियल कराराप्रमाणे नुकसानीची तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत, तर उशिराची २१ दिवसांत करावी लागते. भरपाईची मर्यादा डिसेंबर २०२४ पासून प्रति प्रवासी १,५१९ एसडीआर आहे, म्हणजे ढोबळमानाने दीड ते दोन लाख रुपयांच्या दरम्यान. सायकल त्याहून महाग असेल तर चेक-इनच्या वेळी जादा किंमत जाहीर करून शुल्क भरता येतं. वेगळा विमा घेणार असाल तर त्यात विमान प्रवासातली मोडतोड धरली आहे का, हे आधी वाचा.

निघण्याआधी तपासा

- सायकल नोंदवल्याचा ई-मेल
- खोक्याचं वजन आणि तीनही मापं
- पॅक करतानाचे फोटो, फ्रेम क्रमांक, बिल
- खोक्याच्या आत आणि बाहेर नाव, फोन नंबर
- विमानतळापर्यंत जायला कॅरिअर असलेली गाडी
- सुरुवातीला एक मोकळा दिवस, सायकल जोडून चालवून पाहण्यासाठी