इन्सुलिनची चिठ्ठी लिहिताना

आपल्याकडे येणाऱ्या इन्सुलिनच्या रुग्णाची मात्रा बहुधा भंडारा वा नागपूर येथील तज्ज्ञांनी आधीच ठरवून दिलेली असते. पुढे महिनोन्‌महिने चिठ्ठी नव्याने लिहिणे, सिरिंज देणे व शंकांचे निरसन करणे हे काम मात्र दिघोरीसारख्या गावातील वैद्य व औषधविक्रेते यांच्याकडे येते. येथे विशेष सावधगिरी हवी ती कुपी व सिरिंज यांच्या जोडीविषयी, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या बहुतांशी एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट या शक्तीच्या मिळतात. पेनमधील कार्ट्रिज व ग्लार्जिनसारख्या काही इन्सुलिनच्या कुप्या मात्र १०० युनिटच्या असतात. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. ४० च्या कुपीतून नारिंगी सिरिंजने २० च्या रेषेपर्यंत औषध ओढल्यास रुग्णास केवळ ८ युनिट मिळतात. उलट १०० च्या कुपीस लाल सिरिंज लावल्यास त्याच रेषेवर ५० युनिट शरीरात जातात. हे प्राणावर बेतू शकते. म्हणून चिठ्ठीवर इन्सुलिनचे पूर्ण नाव, शक्ती, सिरिंजचा प्रकार व जेवणाची वेळ स्पष्ट लिहावी. ‘युनिट’ हा शब्दही पूर्ण लिहावा. आकड्यानंतरचे इंग्रजी ‘यू’ घाईत शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० होतात. लाल सिरिंज संपली म्हणून विक्रेत्याने नारिंगी देऊ नये.

न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात गोठलेली कुपी वितळल्यावर स्वच्छ दिसली तरी टाकून द्यावी. उघडलेली कुपी सावलीत, थंड जागी साधारणतः चार आठवडे टिकते. नेमकी मुदत सोबतच्या पत्रकात पाहावी. ज्यांच्या घरी फ्रिज नाही, त्यांनी ती झाकणबंद डब्यात घालून ओल्या वाळूत बसविलेल्या मडक्यात ठेवावी. उन्हाळ्यात हा उपाय चांगला. पावसाळी दमट हवेत मडके तितके थंड होत नाही.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी लगेच बंद करावी. मोहफुले वेचलेल्या किंवा आंबा खाल्लेल्या हाताने तपासणी केल्यास साखर खोटी वाढलेली दिसते. हात धुऊन, कोरडे करूनच रक्त घ्यावे.

धानाच्या रोवणीचे दिवस विशेष जपण्याचे. दिवसभर चिखलात वाकून श्रम आणि जेवणास उशीर, यामुळे साखर एकाएकी उतरते. घाम, कंप, गोंधळ दिसताच तीन चमचे साखर पाण्यात द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये. शिरेवाटे डेक्स्ट्रोज द्यावे व पुढे पाठवावे.

आता आपल्या शास्त्राविषयी. चरकाचार्यांनी प्रमेही स्थूल व कृश असे वेगळे मानून कृशास बृंहण सांगितले आहे. इन्सुलिनवर जगणारा कृश रुग्ण लंघनास वा शोधनास पात्र नव्हे. काढा सुरू केला म्हणून त्याचे इन्सुलिन थांबविणे तर सर्वथा वर्ज्य. एक-दोन दिवसांतही कीटोॲसिडोसिस उद्भवू शकतो. औषधी वनस्पतींनी साखर उतरू लागल्यास मात्रा कमी करण्याचा निर्णय रीडिंगच्या नोंदी पाहून, मूळ तज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा.