पंचवीस हजारांत थाटलेलं घर

निकाहाची तारीख ठरली की आपल्या घरांत दोन याद्या निघतात. एक दावतीची, दुसरी सामानाची. दावतीच्या यादीवर पुरुष भांडतात, सामानाच्या यादीवर बायका. कर्ज मात्र दोन्ही याद्यांचं एकाच माणसाच्या डोक्यावर चढतं, आणि ते फेडेपर्यंत नव्या जोडप्याच्या कडेवर मूल आलेलं असतं.

आमच्या भाचीच्या लग्नात मुलाकडून एका पैशाची मागणी नव्हती, अल्हम्दुलिल्लाह. जावई फर्दापूरला एका दुकानात कामाला. घर अजिंठ्यातच घेतलं, जुन्या वस्तीत, भाड्याच्या दोन खोल्या. दगडी भिंती, वर माळवद, भिंतीत कोनाडे. मागणी नव्हती तरी खोल्या रिकाम्या होत्या, आणि रिकाम्या खोलीत मुलगी पाठवायची कशी, हा प्रश्न मागणीइतकाच जड होता. तालुक्याच्या दुकानात पलंग, कपाट, ड्रेसिंग टेबल आणि सोफा असा सेट 1,10,000 रुपयांना सांगितला. 'हप्ते करून देतो, व्याज शून्य,' असंही दुकानदार म्हणाला.

या शून्याबद्दल थोडं बोललं पाहिजे. आम्ही दुकानदाराला विचारलं, रोख दिले तर किती? तो चटकन सात हजार खाली आला. म्हणजे हप्त्यांवर घेणाऱ्याला ते सात हजार सोडावे लागतात, वर फाईलचा खर्च वेगळा, आणि एक हप्ता चुकला की दंड. व्याज गेलं कुठे? ते किमतीत जाऊन बसलं. रिझर्व्ह बँकेनेही 2013 साली बँकांना हेच बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते. ज्यांना सूद टाळायचं आहे त्यांनी तरी या शून्याच्या आत काय आहे ते बघूनच सही करावी.

भाचीच्या वडिलांकडे 25,000 रुपये होते. आम्ही म्हटलं, एवढ्यातच बसवू. जुनं घेऊ. हे ऐकल्यावर भाचीचा चेहरा उतरला. ती एवढंच म्हणाली, "खाला, लोग क्या बोलेंगे?"

लोक काय बोलतील याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं, आजही नाही. आम्ही तिला हजरत फातिमा (रजि.) यांच्या घराची गोष्ट आठवून दिली. हजरत अली (रजि.) यांनी मेहेरसाठी आपलं चिलखत विकलं, आणि घरात जे आलं ते म्हणजे खजुराच्या सालीने भरलेली कातडी उशी, पाण्याची मशक, दळायचं जातं, असं थोडकंच. गोष्ट तिला पाठ होती. मदरशात तिनेच ती पाठ म्हणून दाखवून बक्षीस घेतलं होतं. पण पाठ असणं आणि आपल्या खोलीत ती उशी ठेवणं यात अंतर असतं. तिला वेळ लागला आणि आम्ही तो दिला.

खरेदीला सुरुवात छत्रपती संभाजीनगरच्या जाफर गेटच्या रविवारच्या बाजारापासून केली. अजिंठ्याहून नव्वदेक किलोमीटर. पहाटेच्या गाडीने निघालो, कारण अशा बाजारात चांगला माल दहाच्या आत उठतो. मुंबईच्या चोर बाजाराचंही तसंच. मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, तिथे उजाडल्यावर जाणाऱ्याला उरलंसुरलंच मिळतं. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. नाव कुठे चोर, कुठे जुना, पण घेणाऱ्याने पावती मागावी, मालकाचा पत्ता विचारावा. पंखा किंवा सायकल फारच स्वस्तात मिळत असेल तर हात आखडावा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं कायद्यानेही गुन्हा आहे, आणि त्या पंख्याचा वारा कोणाला गोड लागणार?

पहिलं मिळालं ते लोखंडी कपाट. जुन्या पोलादी कपाटाचा पत्रा आजच्या कपाटापेक्षा जाड असतो. गोदरेजने अशी कपाटं 1923 पासून बनवायला घेतली, आणि आजीच्या काळातलं कपाट अजून वापरात असलेली घरं तुम्हीही पाहिली असतील. कपाट घेताना दाराकडे नंतर बघा, आधी ते आडवं करून तळ बघा. पाणी साचतं ते तळाशी, गंज तिथूनच चढतो. पत्र्यावर बोट दाबून दबलं तर सोडून द्या. कुलूप बिघडलेलं चालतं, चावीवाला ते नीट करतो. आम्हाला 4,000 ला मिळालं, घासून रंग द्यायला आणखी 1,200 गेले. भाचीने रंग निवडला तो पिस्त्याचा. दुकानात ती छटा मिळाली नसती.

लाकडाचं गणित वेगळं. शहरात आणि गावोगाव जुने वाडे, हवेल्या पडताहेत. त्यांची सागवानी दारं, तुळया, खिडक्यांच्या चौकटी लाकूडवाल्यांकडे येतात. नवा सेट बहुधा भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचा असतो, वर चकचकीत कागद. एकदा पाणी लागलं की तो फुगतो, आणि फुगलेल्या बोर्डाला सुतारही हात लावत नाही. सागवान पुन्हा रंधता येतं, सांधता येतं. जुना पलंग घेताना लाकडावर टिचकी मारा. भरीव आवाज आला तर ठीक. बारीक भोकं दिसली तर पलंग जरा आपटून खाली बघा. ताजी पांढरट पूड पडली तर किडा अजून आत जिवंत आहे. ढेकूण सांध्यांत असतात. म्हणून पलंग घरात नेण्याआधी पूर्ण सुटा करायचा, सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं, उन्हात वाळवून मगच पॉलिश करायचं. आठवड्याने पुन्हा एकदा, कारण अंडी पहिल्या वेळी सगळी मरतातच असं नाही. आम्हाला सागवानी पलंग 5,500 ला मिळाला. एक पाय लंगडा आहे हे विकणाऱ्याने स्वतःच आधी सांगितलं. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा वर काढणाऱ्या नबी-ए-करीम (स.) यांची हदीस ज्यांनी ऐकली आहे, त्यांना अशा विक्रेत्याशी जास्त घासाघीस करवत नाही. आम्हीही केली नाही.

गादी मात्र दुसऱ्याची घेऊ नये, हे आमचं ठाम मत. पण स्वतःच्या घरातला कापूस जुना होत नाही. माळ्यावर दोन गाठोडी झालेल्या गाद्या पडल्या होत्या. पिंजारी भाईंनी कापूस मशीनवर पिंजला, थोडा नवा घातला, आणि नव्या खोळीची डबल गादी तयार झाली. पूर्वी हेच लोक खांद्यावर धनुकली घेऊन दारोदार फिरत, तिच्या तारेचा आवाज गल्लीच्या टोकापासून ऐकू यायचा. नड्डाफ, मन्सुरी घराण्यांचा हा हुन्नर आहे. फोमच्या गादीने तो मारला, नाहीतर दर दोन-तीन वर्षांनी जुनी गादी नवी करून घेणं ही आपल्याकडची रीतच होती.

भांड्यांचा खर्च जवळजवळ झालाच नाही. आजीची तांब्याची देगची, लगन, एक सुरई आणि झाकणाचं पानदान पोत्यात काळं होऊन पडलं होतं. भंगारवाला किलोच्या भावाने मागत होता. त्याऐवजी सिल्लोडहून कलईवाल्याला बोलावलं. भांडं भट्टीवर तापवायचं, आत नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठतो, त्या क्षणी कथिलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने ती आतून पसरायची. काळं भांडं आरशासारखं उजळतं. गल्लीतली सगळी पोरं बघायला जमली होती. कलई नसलेल्या तांब्यात चिंच, दही, टोमॅटो असं आंबट काही शिजवू नये आणि ठेवूही नये, हे नव्या मुलींना सांगावं लागतं. कलई उडाली की पुन्हा करून घ्यायची. देगची स्वयंपाकाला, आणि पानदानात भाची आता सुई-दोरा ठेवते.

शाळांच्या लिलावाचं फार जणांना माहीत नसतं. मोडके बाक, टेबलं डेडस्टॉक रजिस्टरवर असतात. रीतसर निर्लेखन होऊन जाहीर लिलाव झाला की कोणीही बोली लावून पावतीवर ते घेऊ शकतं. अशा एका लिलावातलं टेबल आणि दोन खुर्च्या मिळून 1,800 ला पडल्या. शाळेत नोकरी आहे म्हणून बाक परस्पर घरी नेणारे आम्ही पाहिले आहेत, त्यांचं घर सजलेलं असेल, पण ते सजवणं नव्हे.

सजावटीला खरं तर घरानेच मदत केली. कोनाडे चुन्याने रंगवले, एकात किताबं, एकात सुरई. आजीच्या हिमरू शालीचा कसर लागलेला भाग कापून उरलेला तुकडा लाकडी चौकटीत बसवला. महंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हा तिच्यासोबत हे विणकर इकडे आले असं मानतात. रेशीम आणि सुताची ती वीण आता भिंतीवर आहे. जुन्या सुती साड्यांच्या दोन गोधड्या, पडदे त्याच कापडाचे. ज्या गावाला देशोदेशीचे लोक दोन हजार वर्षांपूर्वीची चित्रं बघायला येतात, तिथे जुन्याची लाज वाटावी याचं आम्हाला जरा हसू येतं.

काही वस्तू नव्याच घ्याव्यात. गॅसची नळी, रेग्युलेटर, कुकर, विजेच्या वायरी. गॅसच्या नळीची मुदत पाच वर्षं असते, जुनी कितीही चांगली दिसली तरी नको. पंखा आम्ही नवा घेतला. सामान आणायला शहरात मिरची टाकून रिकामा परतणारा टेम्पो मिळाला, 2,000 मध्ये. सगळं मिळून हिशेब 24,000 च्या आत राहिला.

लोक बोलले, हे सांगायलाच हवं. सासरकडच्या एका बाईंनी पलंगावर हात फिरवून "पॉलिश अच्छा है, पर पुराना है ना?" असं चारजणींत विचारलं. भाची गप्प राहिली. तिची सासू म्हणाली, "हो, सागवान आहे." त्या बाई अजूनही अधूनमधून विषय काढतात. त्यांच्या मुलाच्या सेटचे हप्ते चालू आहेत असं ऐकतो, खरंखोटं अल्लाह जाणे.

भाचीला आता सातवा महिना आहे. जाफर गेटला एक सागवानी पाळणा पाहून ठेवला आहे. कड्या पितळी, एक दांडी बदलावी लागेल. मालक 3,000 म्हणतो, आम्ही 2,200 वर अडलो आहोत. रविवारी पुन्हा जायचं आहे.