मालकाच्या वकिलाचे खरे काम

दिवाणी न्यायालयात वकीलपत्र दाखल केले की वकील उभा राहतो. कामगार न्यायालयात मात्र मालकाच्या वकिलाला आधी कामगाराची संमती लागते आणि न्यायालयाची परवानगीही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलम 36 ने ही अट घातली. समेट अधिकाऱ्यापुढे तर वकिलाला मज्जावच. पैशाच्या जोरावर मालक नामांकित वकील आणील आणि युनियनचा माणूस त्याच्यापुढे निष्प्रभ ठरेल, ही भीती रास्तच होती. पारादीप बंदराच्या खटल्यात 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट कायम ठेवली. मालक संघटनेचा पदाधिकारी असलेल्या वकिलाला मात्र त्या नात्याने बाजू मांडण्याची मुभा दिली.

त्यामुळे 'मॅनेजमेंटचा वकील' म्हणून ज्यांची हयात जाते, त्यांचा कस कोर्टाबाहेरच लागतो.

समजा, मंदीमुळे कारखान्याला माणसे कमी करायची आहेत. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन. ही भरपाई कपातीच्या वेळीच हातात पडली पाहिजे. 'नंतर बघू' म्हणणाऱ्या मालकाची कपात बेकायदा ठरू शकते. गैरवर्तनासाठी बडतर्फ करायचे तर आरोपपत्र द्यावे लागते, साक्षीदार तपासावे लागतात, कामगाराला उलटतपासणीची संधी द्यावी लागते. एवढे करूनही शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जबर आहे का, हे तपासून ती बदलण्याचा अधिकार 1971 च्या दुरुस्तीने न्यायाधिकरणाला दिला. अशा वेळी संतापलेल्या मालकाला 'साहेब, एवढ्यासाठी नोकरी घालवू नका' असे सांगणारा वकील त्याचे हितच करत असतो. दुर्दैवाने, तारखा लांबवून कामगाराला थकवणे म्हणजेच वकिली, असे मानणारेही या व्यवसायात आहेत.

तो डाव अंगाशी येतो. महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केले, की बडतर्फी बेकायदा ठरली तर पुनर्नियुक्तीबरोबर मागील वेतन देणे हाच सर्वसाधारण नियम. त्या काळात कर्मचारी दुसरीकडे तेवढेच कमावत होता, असे मालकाचे म्हणणे असेल तर ते त्यानेच मांडून सिद्ध करावे. खटला जितका रेंगाळेल, तितका हा आकडा फुगतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि सल्ल्याचा रोख पगारपत्रकाकडे वळला. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. त्यामुळे मूळ पगार नाममात्र ठेवून बाकी सारे भत्त्यांत दाखवण्याची जुनी युक्ती आता चालत नाही. थकलेल्या वेतनासाठी कामगाराला तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, आणि पैसे दिले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची आहे.